एक्सपोर्टला लावलं की सॉफ्टवेअर बंद पडतं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लग्नसराई सुरू झाली की असे फोन येतात, आणि येतात तेही रात्री अकरानंतर. लग्नाच्या व्हिडिओचं एडिट पूर्ण झालेलं असतं, सकाळी पार्टी पेनड्राइव्ह न्यायला येणार असते आणि एक्सपोर्ट, म्हणजे एडिटमधून तयार फिल्मची फाइल बनवणं, ६२ टक्क्यांवर आडवा झालेला असतो. खालची उत्तरं मुख्यतः विंडोजवर प्रीमियर प्रो किंवा डाविंची रिझॉल्व्ह ही एडिटिंगची सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांसाठी आहेत. पण कारणं बहुतेक सगळीकडे तीच असतात.

एडिट करताना सगळं सुरळीत चालतं. मग एक्सपोर्टलाच का पडतं?

एडिट करताना आपण सॉफ्टवेअरला भरपूर सवलती देत असतो. प्लेबॅक अर्ध्या किंवा पाव रिझोल्यूशनवर असतो, प्रॉक्सी (मूळ क्लिपच्या हलक्या प्रती) लावलेल्या असतात, आणि तरीही झेपलं नाही तर मशीन चार फ्रेम गाळून पुढे जातं. आपल्या ते लक्षातही येत नाही. एक्सपोर्टला गाळायची मुभा नाही. प्रत्येक फ्रेम मूळ फाइलमधून, पूर्ण आकारात, सगळ्या इफेक्टसकट तयार व्हावी लागते. सेकंदाला २५ फ्रेमच्या टाइमलाइनवर (सगळ्या क्लिप ओळीने लावतो ती पट्टी) दोन तासांचं लग्न म्हणजे १,८०,००० फ्रेम. त्यातली एक अडली तरी काम थांबू शकतं. शिवाय प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड, रॅम आणि डिस्क हे चौघं एकाच वेळी तासन्‌तास राबतात. एरवी ते असे एकत्र कधी घाम गाळत नाहीत, त्यामुळे कुणाचं दुखणं असेल तर ते नेमकं इथे बाहेर येतं.

तपासायला सुरुवात कुठून करायची?

सॉफ्टवेअर काढून परत टाकण्यापासून तर नक्कीच नाही. निम्मे लोक तेच करतात आणि संध्याकाळ घालवतात.

काहीही न बदलता तोच एक्सपोर्ट परत लावा आणि कुठे पडतो ते कागदावर लिहून ठेवा. वेळ असेल तर तिसऱ्यांदाही लावा. दरवेळी साधारण एकाच जागी पडत असेल तर दोष टाइमलाइनवरच्या मालात आहे: क्लिप, फोटो, इफेक्ट, टायटल. कधी १० टक्क्यांवर, कधी ७० वर पडत असेल तर दोष मशीनमध्ये आहे: उष्णता, वीज, रॅम, ड्रायव्हर. आणि फाइल ठरावीक आकाराची झाली की पडत असेल तर जिथे फाइल लिहिली जातेय ती डिस्क तपासा. खालचे सगळे प्रश्न या तिन्हींपैकी कुठल्या तरी एका खोक्यात बसतात, म्हणून हे आधी ठरवा.

टक्केवारीवर मात्र तंतोतंत विसंबू नका. सॉफ्टवेअर पुढच्या फ्रेम आधीच उघडून ठेवतं, त्यामुळे खरा गुन्हेगार दाखवलेल्या जागेच्या थोडा पुढे असू शकतो.

एकाच ठिकाणी पडतं. दोन तासांच्या टाइमलाइनमधून ती क्लिप शोधायची कशी?

आधी एरर मेसेज वाचा. हे सांगावं लागतं, कारण बहुतेकजण तो न वाचताच ओके दाबतात. प्रीमियरचा 'एरर कंपायलिंग मुव्ही' हा मेसेज खालच्या ओळीत अनेकदा टाइमकोड सांगतो. रिझॉल्व्ह बहुतेक वेळा कुठल्या क्लिपवर अडलं तिचं नावच देतं. मोबाइलने फोटो काढून ठेवा.

मेसेज न देताच सॉफ्टवेअर गायब होत असेल तर निम्मं-निम्मं करत जा. इन आणि आउट पॉइंट लावून पहिला एक तास एक्सपोर्ट करा. झाला? मग दोष दुसऱ्या तासात. त्याचा अर्धा घ्या. १२० मिनिटांचे ६०, ६० चे ३०, मग १५... सातव्या फेरीला तुम्ही एका मिनिटाच्या आत असता. चाचणीच असल्यामुळे फाइल कुठल्याही स्वस्त सेटिंगवर काढली तरी चालते. फक्त रिझोल्यूशन कमी करू नका, कारण कधीकधी आकार कमी केला की दोषच लपतो.

त्या मिनिटात आल्यावर एकेक ट्रॅक बंद करून पाहा. आधी टायटल, मग अॅडजस्टमेंट लेअर (खालच्या सगळ्या क्लिपना लागू होणारा इफेक्टचा थर), मग इफेक्ट, शेवटी मूळ क्लिप.

क्लिप सापडली. आता तिचं काय करू?

ती काय आहे त्यावर अवलंबून आहे. माझ्या अनुभवात सर्वांत जास्त वेळा फोटो निघतात. २४ मेगापिक्सेलचा फोटो ६००० × ४००० पिक्सेलचा असतो. डिस्कवर जेपेग म्हणून तो १० एमबीचा दिसेल, पण मेमरीत उघडल्यावर साध्या ८ बिटमध्येच ९६ एमबी जागा खातो, आणि ३२ बिट फ्लोटमध्ये काम चाललं असेल तर त्याच्या चौपट. प्रीवेडिंगच्या स्लाइडशोत असे साठ फोटो ट्रान्झिशनसह ओळीने लावले की काय होणार? तुमची फिल्म १९२० × १०८० ची आहे. झूमसाठी दुप्पट आकार ठेवला तरी ३८४० पिक्सेल रुंदी पुरे. फोटोशॉपमध्ये किंवा कुठल्याही फुकट टूलमध्ये सगळे एका दमात लहान करून घ्या.

लग्नपत्रिकेचं डिझाइन वेगळा ताप देतं. ते छपाईसाठी बनवलेलं असल्यामुळे बऱ्याचदा सीएमवायके रंगात असतं, आणि व्हिडिओची सॉफ्टवेअर आरजीबीत चालतात. गणपतीच्या पहिल्याच फ्रेमवर एक्सपोर्ट पडतोय असा एक प्रोजेक्ट माझ्याकडे आला होता. दोन तास शोधल्यावर कळलं की गणपती त्या पत्रिकेतून उचललेला होता. आरजीबी पीएनजी केली आणि काम झालं.

स्टॅबिलायझर, नॉइज रिडक्शन आणि ऑप्टिकल फ्लोने (मधल्या फ्रेम नव्याने बनवून) केलेलं स्लो मोशन हे तिन्ही एकाच क्लिपवर लावले असतील तर त्या क्लिपचं रेंडर, म्हणजे इफेक्टसकट फ्रेम तयार करणं, आधीच उरकून घ्या. प्रीमियरमध्ये 'रेंडर अँड रिप्लेस' हा पर्याय आहे. रिझॉल्व्हमध्ये 'रेंडर इन प्लेस'. मग एक्सपोर्टला फक्त तयार तुकडा उचलायचा असतो.

बाकी कशाने काही होत नसेल तर ती क्लिप टाइमलाइनवरून काढून मूळ कार्डावरून परत कॉपी करा. कॉपी करताना बिघडलेली फाइल प्लेअरमध्ये सरळ चालते आणि एडिटिंगमध्ये अडते, असंही होतं.

पाहुण्यांनी मोबाइलवर काढलेले व्हिडिओ टाकले की अडतं. का?

कॅमेरा सेकंदाला २५ म्हणजे २५ च फ्रेम घेतो. मोबाइल उजेड आणि प्रोसेसरचा भार बघून फ्रेमची संख्या मागेपुढे करतो: आत्ता ३०, मंडपात अंधार झाला की २४. याला व्हेरिएबल फ्रेम रेट म्हणतात. स्क्रीन रेकॉर्डिंगचंही तेच. याने आवाज पुढेमागे सरकतो आणि काही वेळा एक्सपोर्टही आडवा होतो. उपाय सोपा आहे. हँडब्रेक हे फुकट सॉफ्टवेअर घ्या, व्हिडिओच्या टॅबमध्ये 'कॉन्स्टंट फ्रेम रेट' निवडा, २५ किंवा ३० ठरवा आणि ती नवी फाइल टाइमलाइनवर आणा. हे एडिट सुरू करण्याआधी करायचं. नंतर केलं तर कट पुन्हा जुळवत बसावे लागतात.

नव्या कॅमेऱ्यांच्या एच.२६५ च्या १० बिट ४:२:२ फाइलींना (रंगाची जास्त माहिती ठेवणारा, घट्ट आवळलेला प्रकार) वेगळी अडचण आहे. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ५० मालिकेआधीची कार्डं हा प्रकार हार्डवेअरवर उघडतच नाहीत, सगळा भार प्रोसेसरवर येतो. अशा फाइलींचं आधी प्रोरेस किंवा डीएनएक्सएचआर (कमी आवळलेले, एडिटला सोपे प्रकार) करून घ्या.

दरवेळी पस्तिसाव्या मिनिटाच्या आसपास 'डिस्क फुल' येतं. पेनड्राइव्ह तर ६४ जीबीचा आहे!

पेनड्राइव्हच्या प्रॉपर्टीजमध्ये फाइल सिस्टिम पाहा. फॅट३२ लिहिलं असेल तर गुन्हेगार सापडला. फॅट३२ मध्ये एक फाइल ४ जीबीच्या वर जाऊच शकत नाही, मग डिस्क कितीही मोठी असो. १६ एमबीपीएसने (सेकंदाला १६ मेगाबिट) एक्सपोर्ट करत असाल तर ४ जीबी भरायला साधारण ३५ मिनिटं लागतात. पेनड्राइव्ह एक्सफॅट किंवा एनटीएफएसमध्ये फॉरमॅट करा. जुन्या टीव्हीला एनटीएफएस चालत नाही, कधी एक्सफॅटही चालत नाही. घरच्या टीव्हीवरच बघायचं असेल तर फिल्मचे दोन भाग करून देणं शहाणपणाचं.

तसंही थेट पेनड्राइव्हवर एक्सपोर्ट करूच नका. आधी आतल्या डिस्कवर, मग कॉपी. जागेचा हिशोब तोंडी करता येतो: एमबीपीएसला ३६०० ने गुणा, ८ ने भागा, तेवढे एमबी एका तासाला. ५० एमबीपीएसला ताशी २२.५ जीबी. सी ड्राइव्हवर वेगळी मोकळी जागा हवी, कारण कॅश (सॉफ्टवेअरच्या तात्पुरत्या फाइली) आणि विंडोजची पेज फाइल (रॅम अपुरी पडली की वापरायची जागा) तिथेच वाढत असते.

९९ टक्क्यांवर येऊन तासभर अडकतं. बंद करू का?

थोडं थांबा. एमपी४ फाइलमध्ये कुठली फ्रेम कुठे आहे याची अनुक्रमणिका शेवटी लिहिली जाते, आणि मोठ्या फाइलला त्यात वेळ जातो. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क हलताना दिसत असेल तर हात लावू नका. डिस्क आणि प्रोसेसर दोन्ही शून्यावर असतील आणि वीस मिनिटं काहीच हललं नसेल तरच बंद करा. मग एक्सपोर्टचा फोल्डर पाहा. तो वनड्राइव्हमध्ये असेल तर सिंक आणि सॉफ्टवेअर एकाच फाइलवर झगडत असू शकतात. विंडोजचं 'कंट्रोल्ड फोल्डर अॅक्सेस' चालू असेल तर ते व्हिडिओज आणि डॉक्युमेंट्समध्ये लिहूच देत नाही. डी ड्राइव्हवर नवा साधा फोल्डर करा आणि तिथे काढा.

दरवेळी वेगळ्याच ठिकाणी पडतं. कधी तर अख्खा पीसीच बंद होतो.

सॉफ्टवेअर बंद पडणं आणि मशीन बंद पडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्क्रीन एकदम काळी होऊन पीसी विझला तर सॉफ्टवेअरला शिव्या देऊ नका, वीज पाहा.

हे मी पैसे मोजून शिकलो. एका एप्रिलमध्ये माझं मशीन संध्याकाळी सातच्या सुमारास एक्सपोर्टला हमखास विझायचं, सकाळी तोच प्रोजेक्ट विनातक्रार निघायचा. विंडोज परत टाकलं, रॅम बदलली. शेवटी उलगडलं ते असं: माझ्याकडे ६०० व्हीएचा यूपीएस होता. अशा यूपीएसची क्षमता वॅटमध्ये साधारण ३६० च असते. संध्याकाळी गावभर दिवे, पंखे, मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज पडायचं आणि यूपीएस बॅटरीवर जायचा. एरवी मशीन १५० वॅट घ्यायचं, तेवढं तो पेलायचा. एक्सपोर्टमध्ये प्रोसेसर आणि कार्ड दोघंही पूर्ण ताकदीने चालत असायचे, भार त्याच्या आवाक्याबाहेर जायचा आणि तो हात वर करायचा. मोठा यूपीएस घेतल्यावर प्रश्न संपला. जुना पॉवर सप्लायही असाच वागतो, म्हणून तोही संशयात ठेवा.

दुसरी गोष्ट उष्णता. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि त्याच महिन्यात मुहूर्त असतात. खोलीच तापलेली असेल तर पंखे गरम हवाच आत ओढतात. एचडब्ल्यूइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर लावून एक्सपोर्ट करताना तापमान पाहा. बरेच इंटेल प्रोसेसर १०० अंशांवर स्वतःहून वेग कमी करतात. नुसत्या वेग कमी होण्याने एक्सपोर्ट रेंगाळतो, सहसा पडत नाही. तरी तापमान तिथे टेकत असेल तर कॅबिनेट उघडा, धूळ काढा, थर्मल पेस्ट बदला. लॅपटॉप गादीवर ठेवून एक्सपोर्ट लावणाऱ्यांना मी काही बोलत नाही.

तिसरी गोष्ट रॅम. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम जास्त वेगाने चालवायची सेटिंग, चालू असेल तर तात्पुरतं बंद करून पाहा. तेवढ्याने थांबलं नाही तर मेमटेस्ट८६ रात्रभर लावा. त्यात एकही चूक निघाली तरी ती पट्टी बदलायची, 'एकच तर आहे' म्हणायचं नाही.

इंटेल १३व्या-१४व्या पिढीबद्दल काहीतरी ऐकलं होतं, ते खरं का?

खरं आहे. या दोन पिढ्यांतले काही डेस्कटॉप प्रोसेसर जास्त व्होल्टेजमुळे हळूहळू खराब होत होते. इंटेलने २०२४ मध्ये हे मान्य केलं, त्या ऑगस्टपासून मायक्रोकोडचे (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांचे) अपडेट दिले आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. गंमत म्हणजे असा प्रोसेसर कधीकधी व्हिडिओ मेमरी संपल्याची एरर दाखवतो आणि माणूस ग्राफिक्स कार्डच्या मागे लागतो. मदरबोर्डचा बायोस अपडेट करा. पण जो प्रोसेसर आधीच बिघडला आहे तो अपडेटने दुरुस्त होत नाही. तो वॉरंटीतच बदलून घ्यायचा.

'जीपीयू मेमरी फुल' येतं. नवीन कार्डच घ्यावं लागेल का?

लगेच नाही. ४ जीबीच्या कार्डावर ४के टाइमलाइन, वर नॉइज रिडक्शन, म्हणजे बैलगाडीत ट्रॅक्टरचा माल. आधी क्रोम बंद करा, तेही व्हिडिओ मेमरी खातं. मग नॉइज रिडक्शन फक्त गरज असलेल्या क्लिपवर ठेवा. आणि खरं सांगा, पार्टीला ४के हवंय का? टाइमलाइन एचडी केली की फ्रेममागे पिक्सेल चौपटीने कमी होतात.

तरीही अडलं तर कार्डाला सुट्टी द्या. प्रीमियरमध्ये प्रोजेक्ट सेटिंग्जमध्ये जनरलखाली रेंडररला 'सॉफ्टवेअर ओन्ली' करा आणि एक्सपोर्टच्या पानावर हार्डवेअर एन्कोडिंगऐवजी सॉफ्टवेअर एन्कोडिंग निवडा. या दोन वेगळ्या सेटिंग आहेत हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. पहिली इफेक्ट कोण करणार ते ठरवते, दुसरी तयार फ्रेम आवळून फाइल कोण बनवणार ते. दोन्ही बदलल्यावर एक्सपोर्ट कितीतरी हळू होईल, पण निघाला तर दोष कार्डात किंवा त्याच्या ड्रायव्हरमध्ये आहे एवढं पक्कं होतं.

ड्रायव्हर कुठला टाकू?

एनव्हिडियाचे दोन प्रकार मिळतात, गेम रेडी आणि स्टुडिओ. आपल्याला स्टुडिओ. टाकताना 'क्लीन इन्स्टॉल'वर टिक करा. आणि ऐन सीझनमध्ये सगळं नीट चालत असताना ना ड्रायव्हर अपडेट करा, ना सॉफ्टवेअर. अपडेट तुळशीच्या लग्नाआधी उरकायची.

विंडोजमध्ये कुठे नोंद सापडते का?

स्टार्टमध्ये 'इव्हेंट व्ह्यूअर' शोधा. विंडोज लॉग्जमध्ये अॅप्लिकेशनखाली १००० नंबरची एरर म्हणजे सॉफ्टवेअर पडलं. त्यातल्या मॉड्यूलच्या नावाची सुरुवात एनव्ही या दोन अक्षरांनी होत असेल तर संशय एनव्हिडियाच्या ड्रायव्हरवर. सिस्टिमखाली ४१ नंबर म्हणजे मशीन रीतसर बंद न होता विझलं. ४१०१ म्हणजे ग्राफिक्स ड्रायव्हर प्रतिसाद देईनासा झाला आणि विंडोजने तो परत उठवला.

कॅश डिलीट करा असं सगळे सांगतात. उपयोग होतो?

कधीकधी होतो, आणि नुकसान काही नाही. प्रीमियरच्या प्रेफरन्सेसमध्ये मीडिया कॅश आहे, तिथून काढा. मूळ क्लिपना धक्का लागत नाही, फक्त पुढच्या वेळी प्रोजेक्ट उघडायला वेळ लागतो. तरी जमलं नाही तर नवा कोरा प्रोजेक्ट करा आणि त्यात जुना इंपोर्ट करा. प्रोजेक्ट फाइलच आतून बिघडलेली असेल तर याने वाचतं.

फाइलींना मराठीत नावं दिल्यामुळे होत असेल का?

मुख्य सॉफ्टवेअरला देवनागरी चालते. जुनी प्लगिन मात्र काही वेळा अडखळतात, म्हणून प्लगिन वापरत असाल तर फोल्डरची नावं रोमन अक्षरांत आणि आटोपशीर ठेवा. फोल्डरात फोल्डर करत गेलात आणि पूर्ण पत्ता २६० अक्षरांच्या वर गेला तर विंडोजच अडवू शकतं.

फाँटकडे मात्र बघा. कुणाच्या तरी पेनड्राइव्हवरून घेतलेले शेकडो मराठी फाँट आपल्या प्रत्येकाच्या मशीनवर असतात, आणि त्यातला एखादा बिघडलेला निघतो. टायटलवरच पडत असेल तर फाँट बदलून पाहा. प्रीमियरमध्ये जोडाक्षरं तुटत असतील तर तो वेगळा प्रश्न: प्रेफरन्सेसमध्ये ग्राफिक्सखाली टेक्स्ट इंजिन 'साउथ एशियन' करा.

क्रॅक व्हर्जन वापरतोय. त्यामुळे असेल का?

असू शकतं, आणि ते शोधायचा मार्ग नाही. कुणी कुठली फाइल बदलली आहे कुणास ठाऊक. रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती लग्नाच्या कामाला पुरते.

उद्या सकाळी डिलिव्हरी आहे. आत्ता काय करू?

दोष शोधू नका, फिल्म बाहेर काढा. टाइमलाइनचे पंधरा-वीस मिनिटांचे तुकडे करून एकेक एक्सपोर्ट करा. प्रत्येक तुकड्याआधी सॉफ्टवेअर बंद करून उघडा. तुकडा गाण्याच्या किंवा मंगलाष्टकांच्या मध्ये तोडू नका, सांध्यावर आवाजाला झटका बसतो. हळद संपून लग्न सुरू होतं तिथे बहुतेक वेळा तुम्ही फेड दिलेला असतोच, तिथे तोडा. सगळ्यांची सेटिंग हुबेहूब सारखी असेल तर लॉसलेसकट या टूलमध्ये हे तुकडे पुन्हा रेंडर न करता जोडता येतात.

डिस्कला जागा असेल तर तुकडे प्रोरेस ४२२ मध्ये काढा आणि हँडब्रेकमध्ये एमपी४ करा. प्रोरेसला आवळायचं काम कमी असल्यामुळे मशीनवर ताण कमी येतो. एचडी २५ फ्रेमला ताशी साधारण ५५ जीबी धरा.

एखादा तुकडा काही केल्या निघत नसेल तर त्यातला दोषी शॉट काढा. वरातीतला एक शॉट कमी झाला तर कुणाला कळणार नाही. मंगळसूत्राचा शॉट असेल तर त्यावरचे सगळे इफेक्ट काढून साधा ठेवा.

पडलेल्या एक्सपोर्टची अर्धी फाइल दिसते, पण चालत नाही. वाचवता येईल?

अनुक्रमणिका लिहायच्या आधीच काम थांबलं, म्हणून प्लेअरला ती वाचता येत नाही. अनट्रंक नावाचं टूल त्याच सेटिंगची एखादी चांगली फाइल बघून तुटलेली जुळवायचा प्रयत्न करतं. कॅमेऱ्याची मूळ फाइल तुटली असेल तर ही खटपट जरूर करा. एक्सपोर्टसाठी कशाला? टाइमलाइन तुमच्याकडेच आहे.

मोबाइलवरच्या अॅपमध्ये एडिट करतो. तिथेही असंच होतं.

फोनमध्ये फिल्मच्या आकाराच्या दुप्पट-तिप्पट जागा रिकामी ठेवा. त्या अॅपचं बॅटरी ऑप्टिमायझेशन बंद करा आणि एक्सपोर्ट संपेपर्यंत स्क्रीन चालू ठेवून अॅपमधून बाहेर येऊ नका, कारण मागे गेलेलं अॅप फोन मारून टाकतो. चार्जिंगला लावलेला फोन आधीच तापतो, तेव्हा कव्हर काढा आणि पंख्याखाली ठेवा.

एवढं सगळं करूनही अडलं तर मदत मागताना काय सांगायचं?

सॉफ्टवेअरचं नाव आणि पूर्ण आवृत्ती, प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स कार्ड आणि त्याच्या ड्रायव्हरचा नंबर, कुठल्या कॅमेऱ्याच्या कुठल्या प्रकारच्या फाइली आहेत, एक्सपोर्टची सेटिंग, एरर मेसेजचा फोटो, आणि तीन वेळा लावल्यावर तिन्ही वेळा कुठे पडलं ते. 'एक्सपोर्ट होत नाहीये भाऊ' एवढंच लिहून रात्री बारा वाजता पाठवलं तर समोरचाही पहिला प्रश्न हाच विचारणार: एकाच ठिकाणी पडतं की वेगवेगळ्या?